काडीबहाद्दरांस खुले पत्र

प्रति,
मा. काडीबहाद्दर,
मु. पो. डोंगराचा पायथा,
जिल्हा सातारा किंवा सांगली, जिथे गवत वाळलं असेल तो.

विषय: आपण दरवर्षी न चुकता करीत असलेल्या सेवेबद्दल जाहीर आभार.

स. न. वि. वि.

आपलं नाव ठाऊक नसल्यामुळे मायना मोघम लिहावा लागला, राग नसावा. तसं कुणालाच ठाऊक नाही असंही नाही. पारावर ठाऊक आहे, चहाच्या टपरीवर ठाऊक आहे, दूध डेअरीच्या रांगेत तर वडिलांच्या नावासकट ठाऊक आहे. फक्त वनरक्षक पंचनाम्याला आला की अख्ख्या गावाला विसर पडतो आणि कागदावर ‘अज्ञात इसम’ उमटतो. हे पत्र त्या इसमालाच आहे.

वनखात्याच्या दप्तरी वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो आणि १५ जूनला संपतो. आपण मात्र मुहूर्ताला अडून बसणाऱ्यांतले नव्हे. गवत पिवळं पडलं आणि खिशात काडेपेटी असली की झालं. अजिंक्यतारा, यवतेश्वर, सज्जनगडाची उतरण, जरंडेश्वर, चंदन-वंदन, पसरणीचा घाट, तिकडे मिरज-कवठेमहांकाळच्या शिवेवरचा दंडोबा: आपण भेदभाव करीत नाही. किल्ला असो, देवस्थान असो की खात्याचं रोपवन, सगळ्यांना सारखाच न्याय. सातारकर गच्चीवर उभे राहून डोंगराच्या कडेने सरकणारी लाल रेघ बघतात, ‘काय भारी दिसतंय’ म्हणतात आणि व्हिडिओ स्टेटसला टाकतात. एवढा प्रेक्षक तर पट्टीच्या तमाशा फडालाही आता मिळत नाही.

आपल्या या कार्यामागे शास्त्र आहे, असं आपण सांगता. ते जरा तपासून बघावं म्हणतो.

पहिलं शास्त्र: ‘डोंगूर पेटिवला की गवात झ्याक येतंय.’ जळलेल्या उतारावर कोंब लवकर दिसतात, हे खरं आहे. वरचं वाळलेलं पांघरूण गेलं की ऊन थेट बुडख्याला लागतं, शिवाय काळ्या जमिनीवर चार हिरवी पाती उठून दिसतात. पण वर्षानुवर्षं जाळलेल्या माळावर शेवटी टिकतं कोण? कुसळी. तिचं टोकदार बी ओल लागली की पिळे घेत जमिनीत शिरतं आणि आग वरून निघून जाते. पवना, मारवेल अशी जनावरं चवीने खातात ती गवतं हळूहळू मागं हटतात. कुसळीचं कुसळ मेंढीच्या लोकरीतून कातडीत घुसतं, म्हशीच्या तोंडात रुततं. इमानेइतबारे काडी ओढून आपण आपल्याच दावणीला ही मेजवानी वाढून ठेवली आहे.

आणि जाळलं ते होतं काय? वैरण. उभी, वाळलेली, विळा लावला की घरी येणारी वैरण. याच सातारा जिल्ह्यात २०१९ च्या दुष्काळात माणदेशातली माणसं जनावरं घेऊन म्हसवडच्या छावणीत महिनोन्‌महिने राहिली. तिथे कडब्याची पेंढी तोलून-मापून मिळत होती. जिल्ह्याच्या एका अंगाला चाऱ्यासाठी रांगा आणि दुसऱ्या अंगाला चाऱ्याची होळी, हा समतोल आपल्याशिवाय कोण साधणार?

दुसरं शास्त्र: ‘राख म्हणजे खत.’ जावळी-पाटणच्या डोंगरातला शेतकरी भाताच्या, नाचणीच्या तरव्यासाठी राब भाजतो. पालापाचोळा, शेणी आणि गवत यांचे थर रचतो, वर माती पसरतो, वारा पडलेला बघतो आणि विझेपर्यंत तिथून हलत नाही. त्याची राख त्याच्या वाफ्यात राहते, कारण वाफा सपाट असतो आणि त्याला बांध असतो. आपण खत घालता ते उभ्या कड्याला. मे महिन्यात वळवाचा पहिला दणका बसला की आधी राख निघते आणि तिच्यामागे माती. वेण्णेतून कण्हेर धरणात, कृष्णेतून धोम धरणात, उरमोडीतून उरमोडी धरणात. त्यातूनही उरेल ते कृष्णामाई पुढे नेते. खत घालावं जावळीत आणि पोहोचावं हरिपूरच्या संगमावर, असा दानशूर शेतकरी दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात नसेल.

तिसरं शास्त्र सांगली भागात जोरात आहे. ऊस गेला, पाचट उरलं, काडी लावली, घरी गेलो. वारा कुठला, बांधाला लागून कुणाचा माळ आहे, माळाला लागून वन आहे का, या फालतू चौकशा आपण करीत नाही. ठिणगी बांधावरून माळाला जाते आणि माळावरून डोंगराला. हाच ऊस तोडणीआधी जळाला आणि कारखान्याने ‘जळीत’ म्हणून पैसे कापले की मात्र आपण चेअरमनच्या नावाने शंख करता. जळलेल्या डोंगराचे पैसे कापणारा काटा अजून कुठे बसलेला नाही, ही आपली चैन.

रानडुकराला बाहेर काढायला पेटवणारे, मधाच्या पोळ्याखाली धूर करून तसेच उठून जाणारे, सुट्टीला गडावर येऊन जेवणाची चूल तशीच सोडणारे, घाटात चालत्या गाडीतून थोटूक भिरकावणारे, हेही आपलेच भाऊबंद. त्यांच्याकडे शास्त्रही नसतं. त्यांना नुसता नमस्कार.

आपण पेटवून घरी जाता, त्यामुळे पुढचं आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून सांगतो. आग उतारावर पळते ती वरच्या दिशेने. ज्वाळा वरच्या गवताकडे झुकते, त्याला आधीच तापवून वाळवून ठेवते आणि मग गिळते. त्यात दुपारचा वारा दरीतून वर चढत असतो. म्हणून विझवणाऱ्याने आगीच्या डोक्यावर उभं राहायचं नसतं. बगलेने जायचं, कडा मारत जायचं. अग्निशमनाचा बंब डांबरी रस्त्यावर थांबतो, त्याच्या पाइपाला कडा चढता येत नाही. वर जातो तो बीटचा वनरक्षक, दोन-तीन हंगामी मजूर, गावातली चार तरणी पोरं, पाठीला एक ब्लोअर आणि हातात ओल्या फांद्यांचे डहाळे. ब्लोअरने पाला मागे उडवून जमीन उघडी करायची, डहाळ्याने कडेची ज्वाळा झोडपायची. ती जागेवर दाबायची असते. जोरात हाणली की ठिणग्या पलीकडे उडतात आणि मागे नवी आग उभी राहते. रात्री दोन वाजता सगळं विझलं असं वाटतं, तेवढ्यात एखादं वाळकं खोड कडेवरून निखाऱ्यासकट गडगडत खाली जातं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तोवर आपली पहिली झोप पूर्ण झालेली असते.

मोठ्या झाडांना काही होत नाही, असं आपण म्हणाल. बरोबर आहे, जाड सालीचा ऐन बहुधा तगतो. जातात ती गुडघ्याएवढी रोपं. दरवर्षी पेटणाऱ्या जंगलात जुनी झाडं उभी दिसतात, पण त्यांच्याखाली वारस नसतो. तीच गत जमिनीवर घर करणाऱ्यांची. लावा, तित्तर, ससा, घोरपड. टिटवी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर अंडी घालते, रंग हुबेहूब खड्यांचा. माणसाला ती सहजी सापडत नाहीत, कोल्ह्याला शोधावी लागतात. ज्वाळेला शोधावी लागत नाहीत.

आपली कीर्ती आता अंतराळात पोहोचली आहे, हेही कळवायला हवं. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश थेट मोबाइलवर येतो. पूर्वी एक किलोमीटरच्या चौकोनात ‘इथे कुठेतरी’ एवढंच कळायचं, आता तो चौकोन ३७५ मीटरवर आला आहे. आठशे किलोमीटर उंचीवरून उपग्रहाला आपली आग दिसते. आपल्या शेजाऱ्याला दहा पावलांवरून आपण दिसत नाही.

आता मुद्द्याचं. आपल्यातल्या काहींना डोंगराशी वैर नसून खात्याशी आहे, हे मला माहीत आहे. चराई बंद केली, लाकूडफाट्याला हटकलं, गव्याने ऊस तुडवला आणि भरपाईसाठी हेलपाटे घालून चपला झिजल्या. तक्रारी खऱ्या आहेत. पण त्यावरचा आपला उपाय बघा. गव्याचा राग गव्याच्या रानावर काढला. रान जळालेला गवा आता जाणार कुठे? आपल्याच उसात. २०२५ च्या अखेरीस ताडोब्याहून वाघीण आणून चांदोलीत सोडली. तिच्या वाट्याचं सांबर-भेकर धुरामुळे खाली उतरलं, तर तीही मागोमाग येईल आणि मग आपणच मोर्च्यात पुढे असाल.

खात्याशी भांडायला इथे कुणाची ना नाही. उलट या मुलखाने ते भांडण शिकवलं. १९३० साली शिराळ्याजवळच्या बिळाशीत लोकांनी इंग्रजांचा जंगल कायदा मोडला. बिळाशीकरांनी साग तोडला, त्याचा ध्वजस्तंभ केला आणि गावात झेंडा चढवला. पोलीस आले, गोळीबार झाला, माणसं तुरुंगात गेली. त्यांनी दिवसाढवळ्या, गावासमक्ष, होय आम्हीच तोडला म्हणून सांगितलं. एका सागासाठी सरकारला पूर्ण फौजफाटा आणावा लागला, कारण त्या कुऱ्हाडीमागे तोंडं दिसत होती.

त्या परंपरेतली माणसं अजून आहेत. कोयनेचे धरणग्रस्त कोयनानगरला ठिय्या देतात तेव्हा मागण्यांचा कागद हातात असतो. नवीन महाबळेश्वर प्रकल्पाच्या २३५ गावांच्या आराखड्यावर हरकती मागवल्या, तेव्हा लोकांनी सहीनिशी हरकती नोंदवल्या. कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणीचा जमीन व्यवहार नागरिकांनीच उकरून काढला आणि विषय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेला. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आलं. तिथे फुलं राखण्यासाठी जाळीचं कुंपण घातलं गेलं. गुरांचा वावर थांबला, उंच गवत माजलं, फुलं कमी झाली, असं स्थानिकांनी आणि अभ्यासकांनी लावून धरलं. शेवटी कुंपण निघालं. बोलून निघालं. कुणी ते रात्री जाळलं नाही.

आपण मात्र अंधारात येता, काडी ओढता आणि पळता. याला विरोध म्हणत नाहीत. विरोध करणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. आपल्याला कुणी उत्तर देत नाही, कारण आपण प्रश्नच विचारलेला नसतो.

उलट ज्या खात्यावर आपला राग, त्याचीच आपण केवढी सोय करता! पावसाळ्यात लागवड होते, रोपाशेजारी उभं राहून फोटो निघतात. २०१९ साली तर राज्यात ३३ कोटींचं उद्दिष्ट होतं. त्यातली अमुक टेकडीवर किती जगली, हे कुणी माहिती अधिकारात विचारण्याआधीच आपण डोंगर काळा करून ठेवता. जगलेलं रोप आणि न जगलेलं रोप एकाच राखेत. शेरा तयार: वणव्यात नष्ट. एवढं चोख लेखापरीक्षण कुणी पगार घेऊनही करणार नाही.

खात्याला विचारण्यासारखं खूप आहे. जाळरेषा कधी घेतल्या? जाळरेषा म्हणजे वनाच्या कडेने, रस्त्याच्या बाजूने आणि आत टप्प्याटप्प्यावर, कुठे सहा तर कुठे बारा मीटर रुंदीचा पट्टा. त्यातलं गवत कापायचं, वाळू द्यायचं आणि वारा पडलेल्या वेळी माणसं उभी करून जाळून टाकायचं, म्हणजे पुढे आग आली तर तिला तिथे खायला काही उरत नाही. हे काम थंडी सरण्याआधी उरकलं तर उपयोग. मार्चमध्ये घेतलेली जाळरेषा म्हणजे वरात निघून गेल्यावर आलेला बँड. हंगामी मजूर किती नेमले, त्यांची मजुरी वेळेवर निघाली का? डोंगरावर एकाच जातीची रोपं दाटीने का लावली? लावली, तर विरळणी कधी करणार? दाटीतली कमजोर झाडं काढून बाकीच्यांना जागा द्यायची आणि खाली पडलेल्या फांद्या उचलायच्या, नाहीतर तेच उद्याचं सरपण होतं. आणि कुऱ्हाड चाललीच, तर कुठली झाडं, किती आणि कार्य आयोजनेच्या कुठल्या पानाप्रमाणे, हेही विचारा. विरळणीच्या नावाखाली चांगला साग ट्रकमध्ये जात नाही ना, हे बघणं गावाचा हक्क आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडे अशा विरळणीवर लोक कोर्टात जातात आणि वर्षानुवर्षं भांडतात. फाइल जाडजूड होते, पण निर्णय कुणाचा आणि हरकत कुणाची, हे त्यात लिहिलेलं असतं.

तिथलेच कारूक आणि युरोक आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या जंगलात छोट्या आगी लावत आले आहेत, ही बातमी आपल्या हाती लागली तर आपण नाचाल, म्हणून आधीच सांगतो. ते दिवस निवडतात, ओल बघतात, वारा बघतात, माणसं भोवती उभी करतात आणि राख गार होईपर्यंत थांबतात. आपला राब भाजणारा शेतकरीही तेच करतो. आग लावण्याइतकंच थांबणंही त्या विद्येत येतं. आपला अभ्यास पहिल्या धड्यावर संपला.

कायद्याची भीती आपल्याला नाही, तरी ओळख असावी. भारतीय वन अधिनियम १९२७, कलम २६: राखीव वनात आग लावणं गुन्हा, शिक्षा कैद, दंड किंवा दोन्ही. अभयारण्यात लावली तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम ३० आहे. पण खरी मेख कलम २६ च्या तिसऱ्या पोटकलमात आहे. आग जाणूनबुजून किंवा घोर हलगर्जीपणाने लागली असेल, तर राज्य सरकार त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क हवा तितका काळ स्थगित करू शकतं. आपले एकट्याचे नव्हे, सगळ्या गावाचे. आपली काडी आणि म्हातारीच्या दोन शेळ्या उपाशी. गाव आपलं नाव झाकतं तेव्हा कशावर पांघरूण घालतं, हे त्याला कुणी समजावून सांगितलेलं दिसत नाही.

जाता जाता सागरेश्वर बघून या. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात, कडेगाव-पलूस-वाळव्याच्या मधला तो डोंगर. धों. म. मोहिते यांनी माणसं गोळा करून, झाडं लावून, पोटच्या पोरासारखी जपून तिथे जंगल उभं केलं. १९८५ ला अभयारण्य झालं. जेमतेम अकरा चौरस किलोमीटर, पण त्यात आज चितळ आणि सांबर चरतात. तिकडे कोरेगावातल्या वेळूच्या लोकांनी २०१६ मध्ये टिकाव-फावडी घेऊन डोंगराला सलग समतल चर काढले आणि गावांच्या जलसंधारण स्पर्धेतला पहिला वॉटर कप जिंकला. चरात पाणी मुरवलं, आता गवत आणि झाडोरा धरून ठेवायचा, तरच माती जागेवर राहते. असा डोंगर उभा करायला एक पिढी लागते. मोडायला आपल्याला एक संध्याकाळ पुरते. अशी गती सरकारी कामात असती तर महाराष्ट्र कुठल्या कुठे गेला असता.

तेव्हा एकच विनंती. पुढच्या वेळी डोंगर पेटवावासा वाटला, तर बिळाशीकरांसारखं करा. दुपारी बारा वाजता, ग्रामपंचायतीसमोर, सगळ्यांदेखत काडी ओढा आणि खाली सही करा. ते जमणार नसेल, तर तुमच्या काडीत शौर्य नाही, शास्त्र नाही आणि शेतीही नाही. आहे ती निव्वळ भित्री नासधूस.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
डोंगराखालचा एक रहिवासी

ता. क. हे वाचकांसाठी. गवतकापणी सुरू होण्याआधी ग्रामसभा घ्या. आपल्या हद्दीतली जाळरेषा कोण घेणार आणि कुठल्या तारखेपर्यंत, याचा ठराव करा आणि त्याची प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना देऊन पोच घेऊन ठेवा. डोंगरावरचं वाळलं गवत कापून न्यायची परवानगी त्याच ठरावात मागा. कापून नेलेलं गवत जळत नाही आणि दावणीलाही लागतं. धूर दिसला तर आधी वनखात्याच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा, व्हिडिओ मग काढा. आणि पेटवणारा ओळखीचा असला, तर पंचनाम्याला त्याचं नाव सांगा. तो तुमचा भाऊबंद असेल, पण तुमच्या चराईचा हक्क त्याच्या खिशातल्या काडेपेटीवर टांगलेला आहे.